सेंट बर्नार्डच्या गळ्यातलं ब्रँडीचं पिंप

हिमवादळात अडकलेला प्रवासी, बर्फ उकरत पोचलेला धिप्पाड सेंट बर्नार्ड कुत्रा आणि त्याच्या गळ्यात ब्रँडीचं छोटं पिंप. कार्टूनमध्ये हे चित्र आपण किती वेळा पाहिलंय! त्यातला कुत्रा खरा, बर्फही खरा. पिंप मात्र चित्रकाराच्या डोक्यातलं.

स्वित्झर्लंड-इटली सीमेजवळच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, जवळपास २,४७० मीटर उंचीवर, मठातले धर्मगुरू ही कुत्री पाळत. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाचा वास ती अचूक काढत. गळ्यात पिंप बांधायची पद्धत तिथे नव्हती. १८२० मध्ये एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने, विशीही गाठली नव्हती तेव्हा, एक चित्र काढलं: एक कुत्रा बेशुद्ध माणसाचा हात चाटतोय, दुसरा भुंकतोय आणि त्यांतल्या एकाच्या गळ्यात पिंप. झालं, तेच लोकांच्या मनात बसलं.

इथवर गंमत आहे. पण त्यामुळे घट्ट झालेला ‘थंडीत दोन घोट घेतले की ऊब येते’ हा समज जिवावर बेतू शकतो. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गाल तापतात, बरं वाटतं. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर निसटते, हुडहुडीही कमी भरते आणि धोक्याचं भान सुटतं. गारठलेल्या माणसाला आधी आडोशाला न्यावं, ओले कपडे उतरवून कोरड्यात गुंडाळावं. तो शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर गरम, गोड पेय द्यावं.