नोकरी नसण्याचा विनोद आणि नोकरी जाण्याच्या धास्तीचा विनोद

तरुणांच्या बेकारीवरचा विनोद म्हटलं की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच खात्यावर मांडतो. एकीत हातात कामच नाही. दुसरीत काम आहे, पण ते उद्या राहील का याची धाकधूक आहे. दोन्हींत पोरगा कडकाच असतो, म्हणून गल्लत होते.

पहिलीचा अस्सल नमुना मल्याळममध्ये सापडतो: १९८७ चा ‘नाडोडिक्काट्टू’. दिग्दर्शक सत्यन अंतिकाड, पटकथा श्रीनिवासन यांची. दासन आणि विजयन हे ऑफिसातले दोन शिपाई. दासन बी.कॉम. फर्स्ट क्लास, आणि हे तो समोरच्याने विचारायची वाट न बघता ऐकवतो. सुरुवातीलाच नोकरी जाते. मग कर्ज काढून गायी घ्यायच्या, तेही फसतं. शेवटी गफूर नावाचा दलाल पैसे घेऊन दोघांना दुबईला जाणाऱ्या बोटीत बसवतो. अरबी झगे घालून दोघे किनाऱ्यावर उतरतात आणि बघतात तर पाट्या तमिळ! दुबई नव्हे, मद्रास. तेव्हाच्या केरळात शिकलेले भरपूर, नोकऱ्या तुटपुंज्या आणि घरटी कुणीतरी आखातात किंवा आखाताच्या वाटेवर. त्यामुळे त्या झग्यांना हसणारा प्रेक्षक थोडा स्वतःलाही हसत होता.

दुसरीसाठी ‘गोलमाल’ घ्या. हृषिकेश मुखर्जींचा, १९७९ चा. लोक याला बेकारीचा सिनेमा समजतात, पण नायक रामप्रसादला नोकरी लवकरच मिळते. खरी धमाल ती टिकवण्यात आहे. त्याचे साहेब भवानीशंकर, त्यांना मिशीवाला, आखूड कुर्त्यातला, खेळाचा गंधही नसलेला माणूस हवा. आई आजारी असल्याची थाप मारून रामप्रसाद हॉकीचा सामना बघायला जातो आणि साहेबांच्या नजरेला पडतो. मग बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला घालावा लागतो. मग आईसुद्धा भाड्याने आणावी लागते. एक थाप निस्तरायला दुसरी. (रामप्रसाद झालेले अमोल पालेकर स्वतः पूर्वी बँकेत नोकरीला होते, साहेबासमोरचं ते अंग चोरून उभं राहणं त्यांना उगाच नाही जमलं.)

ओळखायची माझी खूण सोपी आहे: पात्र खरं बोललं तर काय होईल? दासन खरं बोलला तरी त्याला काम मिळत नाही, म्हणून त्याची गोष्ट गावोगाव भटकत राहते. रामप्रसाद खरं बोलला की गोष्टच संपली, म्हणून ती ऑफिस आणि दिवाणखान्यात कोंडलेली. पहिल्यात हसू पोराच्या तोऱ्यावर, दुसऱ्यात साहेबाच्या खुळावर. पहिला प्रकार जास्त जोखमीचा वाटतो, कारण जरा तोल गेला की नुसती गरिबाची टिंगल उरते. बेरोजगार म्हणजे दुपारी बारापर्यंत लोळणारा ऐतखाऊ, असं दाखवणाऱ्या रील्सचं नेमकं तेच होतं.

आपल्याकडे या दोघांची सरमिसळ झालेला एक माणूस आहे: तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. नेट-सेट झालेला, पीएच.डी.सुद्धा, म्हणजे पदवीचा तोरा दासनचा. पण पैसे तासावर, सुट्टीत कमाई शून्य, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत, म्हणून वाकणं रामप्रसादचं. त्याच्यावर चांगलं प्रहसन लिहायचं तर त्याला खरं बोलू द्यायचं की नाही, हे लेखकाला पहिल्या प्रवेशातच ठरवावं लागेल.