लिनक्समुळे कॉम्प्युटर बाद होत नाही

दारव्हा, आर्णीकडच्या खेड्यांत अजूनही सांगतात, ‘लिनक्स टाकलं की विंडोज जाते अन् हार्ड डिस्क खराब होते.’ हे खरं नाही. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, अन् लिनक्स मिंट हा तिचा एक प्रकार. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. तोवर डिस्कवरच्या फाइलींना हात लागत नाही. पटलं तर विंडोजशेजारी बसवा, दरवेळी कोणतं सुरू करायचं ते निवडता येतं. फाइली जातात त्या बहुतेकदा ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडल्याने. डिस्कचे भाग पाडताना वीज गेली तरी धोका असतो, म्हणून भारनियमनाची वेळ टाळाच, आणि सातबारा, पीकविम्याच्या पावत्या आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही मिंटमध्ये आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेवढ्यासाठी शाळेतले ४ जीबी रॅमचे चालू कॉम्प्युटर कृपया भंगारात देऊ नका, त्यांवर लिनक्स मिंट चालतं.