सकाळी थरथरणारा हात

‘उद्यापासून दारूचा एक थेंब जरी घेतलास, तर नोकरी विसर.’ रबाळे-महापेच्या कारखान्यात सुपरवायझरने प्रेस मशीनवरच्या माणसाला असा दम भरला, तर ऐकणाऱ्याला तो कडक पण न्यायी वाटतो. प्रत्यक्षात तो जिवावर बेतू शकतो.

मेंदूत पेशींना शांत करणारे रसायन गाबा आणि चेतवणारे ग्लुटामेट. दारू पहिल्याचा जोर वाढवते, दुसऱ्याला दाबते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू गप्प बसत नाही. तो गाबा-ए रिसेप्टरची, म्हणजे गाबाला प्रतिसाद देणाऱ्या पेशीवरच्या दारांची, घडण बदलतो, म्हणजे त्यांतून पेशीत जाणारे क्लोराइड आयन कमी होतात. उलट ग्लुटामेटचे एनएमडीए रिसेप्टर वाढवतो आणि त्यांतून कॅल्शियम जास्त शिरते. ही रस्सीखेच चालू असताना दारूने अचानक दोर सोडला, की चेतवणारी बाजू मोकाट सुटते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा-आठ तासांत हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते. 48 तासांच्या आत फिट येऊ शकते. त्यापुढे दोन-तीन दिवसांत भ्रम, ताप आणि क्वचित मृत्यूही.

म्हणून रात्री अकराला थांबलेला माणूस सकाळी सातच्या शिफ्टला थरथरत असेल, तर तो प्यायलेलाच असेल असे नाही. उतरल्यामुळेही हात कापतो. श्वासाची चाचणी शून्य दाखवील, तरी त्याला प्रेसवर उभे करता येणार नाही.

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशी पत्रके लोकलच्या डब्यात चिकटवलेली असतात. पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल, तर दारू पोटात जाताच अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचून रक्तदाब कोसळू शकतो. असले उपाय सुचवणारा सहकारी हितचिंतक नव्हे.

सुपरवायझरने गाजावाजा न करता त्याला मशीनवरून बाजूला घ्यावे. बोलावे ते खाडे आणि रिजेक्ट मालाबद्दल. निदान डॉक्टर करतील. चुकांबद्दल लेखी ताकीद जरूर द्यावी, पण उपचाराला रजा देऊन. 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा व्यसनाशी निगडित विकारांना मानसिक आजारातच धरतो, आणि रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्कही देतो. दारू सोडवताना डॉक्टर त्याच गाबा-ए रिसेप्टरवर काम करणारी औषधे देऊन मात्रा काही दिवसांत उतरवत नेतात; जोडीला बी-1 जीवनसत्त्व. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901पासून आहे. तिथे पाठवले, तरी रजेच्या अर्जावर ‘आजारपण’ एवढेच पुरते. लाइनवर बाकी कुणाला काही सांगायची गरज नाही.