'स्क्रिप्ट' शब्द शोधला की झालं? नाही हो

वेब पेजमध्ये जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, लपलाय का हे बघायला पेजचा सोर्स (मागचा एचटीएमएल मजकूर) घ्यायचा, पायथॉनच्या चार ओळीत स्क्रिप्ट टॅग (असा कोड ठेवायची नेहमीची खूण) शोधायचा, नाही सापडला तर पेज साफ, हे इतकी वर्षं फिरतंय की नवीन पोरं डोळे झाकून तेच करतात. हे चूक आहे.

२००५ चं मायस्पेस या सोशल नेटवर्कचं प्रकरण बघा. तिथे स्क्रिप्ट टॅग बंद होता, जावास्क्रिप्ट हा शब्दसुद्धा गाळला जायचा. सॅमी कामकार नावाच्या हॅकरने काय केलं, कोड टाकला सीएसएसच्या (पेजची सजावट ठरवणाऱ्या भाषेच्या) बॅकग्राउंडमध्ये आणि 'जावा' नि 'स्क्रिप्ट'च्या मध्ये नवीन ओळ घातली, फिल्टरला शब्द दिसलाच नाही पण काही ब्राउझरांनी तो जोडून वाचला आणि साधारण २० तासांत १० लाखांवर प्रोफाइलांत तो वर्म (आपोआप पसरणारा कोड) पसरला.

ती पळवाट आता बंद झालीये, पण बाकीच्या आहेतच. इमेज टॅगला खोटा पत्ता द्या आणि त्याच टॅगच्या ऑनएरर या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (टॅगमध्ये लिहायच्या गुणधर्मात) कोड लिहा, फोटो लोड होत नाही आणि कोड चालतो. लिंकच्या पत्त्यात, एसव्हीजीत (एक प्रकारचं चित्र), आयफ्रेमच्या (पेजमधल्या पेजच्या) एसआरसीडॉक अ‍ॅट्रिब्यूटमध्ये पण कोड बसतो.

म्हणून शब्द शोधू नका, पार्सर, म्हणजे पेजची रचना टॅग-टॅग वेगळी करून वाचणारा प्रोग्राम, वापरा. पायथॉनमधलाच एचटीएमएल पार्सर टॅगची नावं इंग्रजी लहान अक्षरांत (लोअरकेस) करून देतो, अ‍ॅट्रिब्यूटमधली एन्कोड केलेली अक्षरं उलगडून देतो, मग 'ऑन'ने सुरू होणारं प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूट आणि प्रत्येक पत्ता तपासा. आणि पेज उघडल्यावर दुसरा कोड जे स्क्रिप्ट बाहेरून आणतो ते सोर्समध्ये नसतातच, त्यासाठी खरा ब्राउझर चालवूनच बघावं लागतं.