‘आलास का, ओळखलं तुला’ : मनाला नाव देण्यामागची पार्श्वभूमी

ध्यानाला बसल्यावर मन भरकटलं की मनातल्या मनात ‘विचार, विचार’ म्हणायचं, राग आला की ‘राग’ म्हणायचं आणि पुन्हा श्वासाकडे वळायचं. हल्ली मोबाइलवरची ॲपसुद्धा हे शिकवतात, म्हणून ही युक्ती कालपरवाची वाटते. तिचं मूळ मात्र जुन्या बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेतल्या एका अक्षरात आहे : ‘ति’. संस्कृतातला ‘इति’ तोच. सतिपट्ठान सुत्त हे बुद्धांचं सजगतेवरचं प्रवचन. त्यातला भिक्खू दीर्घ श्वास घेताना ‘दीर्घ श्वास घेतोय’ असं जाणतो. मनात आसक्ती असली तर ‘हे आसक्त मन’ असं जाणतो. आपण जिथे ‘असं’ म्हणतो, तिथे पालीत ‘ति’ येतो.

हे जाणणं रुक्ष नव्हतं, हे मारसंयुत्त वाचलं की पटतं. साधकाला मोहात पाडू पाहणाऱ्या मार नावाच्या दुष्टाविषयीच्या सुत्तांचा हा संग्रह. त्यातल्या एका सुत्तात बुद्धांचं प्रवचन रंगलेलं असताना मार शेतकऱ्याच्या वेशात येतो. खांद्यावर मोठा नांगर, हातात लांब पराणी, केस विस्कटलेले, पाय चिखलाने माखलेले. येतो आणि विचारतो, ‘श्रमणा, बैल दिसले का?’ बुद्ध रागावत नाहीत. ‘पापी मारा, तुला बैलांचं काय काम?’ एवढंच विचारतात. सोंग तिथेच उघडं पडतं. यातल्या कितीतरी गोष्टींच्या शेवटी ‘भगवंतांनी मला ओळखलं’ असं म्हणत मार खिन्न होऊन नाहीसा होतो. ध्यानातल्या खेळकरपणाचा इतका जुना आणि इतका गोड दाखला मला दुसरा माहीत नाही.

या जाणण्याला शिस्तबद्ध पद्धतीचं रूप ब्रह्मदेशात आलं. मिंगुन जेतवन सयाडो (सयाडो म्हणजे तिथले ज्येष्ठ भिक्खू-गुरू) यांचे शिष्य महासी सयाडो (१९०४–१९८२) १९४९ मध्ये रंगूनला आले आणि ही साधना सामान्य गृहस्थांपर्यंत पोचली. पोट वर आलं की ‘फुगतंय’, खाली गेलं की ‘बसतंय’. खाज सुटली तर हात लगेच उचलायचा नाही. आधी ‘खाज, खाज’. खाजवावंसं वाटलं तर त्या इच्छेचीही नोंद. अगदीच राहवेना, तर सावकाश हात उचलताना ‘उचलतोय’, स्पर्श होताना ‘स्पर्श’, खाजवताना ‘खाजवतोय’. पोटाकडे लक्ष देणं सुत्तात कुठे आहे, असा आक्षेप श्रीलंकेतल्या काही भिक्खूंनी घेतला. पोटाची हालचाल म्हणजे वायुधातूच, शरीरातलं वायुतत्त्वच, असं महासींचं उत्तर होतं.

महासींकडे शिकलेले बंगाली साधक अनागारिक मुनींद्र पुढे बोधगयेत शिकवू लागले. तिथे त्यांना जोसेफ गोल्डस्टीन हा तरुण अमेरिकन भेटला. गोल्डस्टीन, जॅक कॉर्नफील्ड आणि शॅरन सॉल्झबर्ग यांनी १९७५ मध्ये ध्यान शिकवणारी संस्था स्थापली, तिचं केंद्र मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरी गावी आहे. पुन्हापुन्हा घोळणाऱ्या विचारांना कॉर्नफील्ड लोकप्रिय गाण्यांसारखं ‘टॉप टेन’मध्ये बसवतात, तेव्हा मला तो चिखल तुडवत आलेला शेतकरी आठवतो.

२००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची, प्रतिक्रिया मंदावते, असं त्यात दिसलं. प्रयोग ध्यानाचा नव्हता, पण तेव्हापासून साधक त्याचा दाखला देत आले आहेत.

महाराष्ट्रात विपश्यना म्हटलं की इगतपुरी. सत्यनारायण गोएंकांची परंपराही ब्रह्मदेशातलीच, पण सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून आलेली. तिच्यात श्वासाला शब्द जोडत नाहीत, संवेदनेला नाव देत नाहीत. म्हणून तिथे दहा दिवस बसून आलेला माणूस ‘विचार, विचार’ ऐकून आधी बुचकळ्यात पडतो.