पोराला लोनवर पाठवायचंय? आधी तो प्रो आहे का ते बघा

फुटबॉलची ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलायची मुदत, उघडली की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे तेच ऐकू येतं, अमक्याचा पोरगा लोनवर, म्हणजे ठराविक काळापुरता दुसऱ्या क्लबात, चाललाय, तमक्या क्लबने विचारलंय. विंडो बंद झाली की त्यातले बरेच जण गावच्याच मैदानावर दिसतात. खेळ कमी पडला असं नसतं, कागद अडकलेला असतो. स्ट्रायकर पोरांचं हे जास्त होतं कारण अठरा-एकोणीस वर्षांच्या नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकरलाच, मूळ क्लबात मिनिटं मिळत नाहीत. आयएसएलने, म्हणजे इंडियन सुपर लीगने, २०२१-२२ ला मैदानातले परदेशी ५ वरून ४ केले खरे, पण त्या चारात एक स्ट्रायकर बहुतेक क्लब धरतातच, मग आपल्या पोराने जायचं कुठे? लोनवर. ठीक आहे, पण अर्जाच्या आधी पुढचं वाचा.

सगळ्यात जास्त अर्ज कुठे पडतात तर पहिल्याच पायरीवर. लोन फक्त प्रोफेशनल खेळाडूचं होतं. फिफाच्या ट्रान्सफर नियमांचं कलम १० तसंच सांगतं आणि आपल्याकडे एआयएफएफचे, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनचे, नियम त्याच धर्तीवर आहेत. प्रो म्हणजे क्लबशी लेखी करार पाहिजे आणि खेळायला जो खर्च येतो त्याच्यापेक्षा जास्त पैसे मिळाले पाहिजेत, दोन्ही. क्लब बूट देतो, प्रॅक्टिसला यायचे पेट्रोलचे पैसे देतो, मॅच जिंकली की हातावर काहीतरी ठेवतो, याने पोरगा प्रो होत नाही, तो अमॅच्युअरच. आणि अमॅच्युअरला लोन नाही, त्याचं सरळ दुसऱ्या क्लबात रजिस्ट्रेशन होतं आणि परत यायचं तर परत ट्रान्सफर करावी लागते. इथे क्लबवाले "अरे लोनवर देतो ना, काय टेन्शन घेता" असं तोंडी सांगून मोकळे होतात आणि पालकांना वाटतं सीझन संपला की पोरगा आपोआप जुन्या क्लबात. आपोआप काही होत नाही बाबांनो. उलट अमॅच्युअर असाल तर तुम्ही मोकळे आहात हे लक्षात घ्या, लोनच्या नावाखाली उगाच बांधून घेऊ नका.

समजा प्रो आहे. मग कराराची कॉपी दाखवा म्हटलं की घरात शांतता. हा तो कागद जो कोणाकडेच नसतो. सही करताना फोटो काढतात, हार घालतात, पण सही झालेला करार क्लबच्या कपाटात आणि पोराकडे फक्त मोबाईलमधला तो फोटो, त्यात पण शेवटचंच पान. विंडोच्या आठवड्यात मागायला गेलात तर मॅनेजर सापडत नाही. म्हणून आत्ताच, लोनचा विषय नसतानाही, पूर्ण करार मागून घ्या. त्यात बघायचं एकच, शेवटची तारीख. करार संपल्यानंतर लोन चालू राहू शकत नाही. करार मे अखेर संपतोय आणि लोन पुढच्या जानेवारीपर्यंत मागितलंय तर अर्ज परत येणारच, आधी मूळ क्लबबरोबर करार वाढवा मग लोन. पण वाढवताना पण डोळे उघडे ठेवा. अठराच्या आतल्या पोराला तीन वर्षांपेक्षा जास्त करार फिफाचे नियम मान्य करत नाहीत, मोठ्यांना पाच. "लोन देतो पण आधी पाच वर्षं सही कर" असं सतरा वर्षांच्या पोराला कोणी सांगत असेल तर तिथून उठायचं.

आता तारखा. एआयएफएफ दर सीझनला दोन विंडो जाहीर करते, एक सीझन सुरू होण्याआधी आणि एक मधली, साधारण जानेवारीची. लोक शेवटची तारीख ही अर्ज सुरू करायची तारीख समजतात. ती सगळं पूर्ण व्हायची तारीख असते! सीआरएसवर, म्हणजे एआयएफएफच्या रजिस्ट्रेशन सिस्टीमवर, नवा क्लब मागणी टाकणार, जुना क्लब मान्य करणार, असोसिएशन बघणार, आणि राज्याबाहेर जात असेल तर कागद अजून जास्त हातांतून फिरणार. कुठेतरी एका टेबलावर कोणीतरी रजेवर असतोच, त्यात आपल्याकडे चतुर्थी नाहीतर फेस्त. शेवटच्या संध्याकाळी अपलोड केलेलं लटकतं आणि मग सगळे मिळून सर्व्हर डाऊन होता म्हणून ओरडतात. निदान दहा-बारा दिवस हातात ठेवा.

याच तारखांचा दुसरा गोंधळ. एखाद्या टूर्नामेंटपुरतं, तीन आठवड्यांसाठी लोन द्या असं सांगणारे भेटतात. फिफाने १ जुलै २०२२ पासून लोनचे नवे नियम आणले, त्यात कमीत कमी मुदत एका विंडोपासून पुढच्या विंडोपर्यंत आणि जास्तीत जास्त एक वर्ष. लोनवर घेतलेल्या क्लबने पोराला पुढे तिसऱ्या क्लबला लोनवर देणं बंद. देशांतर्गत नियम याला जुळवून घ्यायला राष्ट्रीय फेडरेशनना तीन वर्षं दिली होती, ती मुदत २०२५ च्या जूनअखेर संपली, त्यामुळे "ते परदेशातल्यांना असतं" हे उत्तर आता ऐकून घेऊ नका.

आणि हा नियम तर भिंतीवर लिहून ठेवा: एका सीझनमध्ये रजिस्ट्रेशन जास्तीत जास्त तीन क्लबांत, पण अधिकृत मॅच फक्त दोन क्लबांकडून. म्हणजे ऑगस्टमध्ये मूळ क्लबने त्याला ऐंशीव्या मिनिटाला उतरवला असेल तर एक क्लब तिथेच खर्ची पडला. लोनचा क्लब दुसरा. तिथे जमलं नाही तर जानेवारीत मूळ क्लबात परत येऊन खेळेल, पण तिसरीकडे गेला तर नाव लागेल आणि सीझन संपेपर्यंत बाहेर बसून टाळ्या वाजवेल. फ्रेंडली आणि ट्रायल मॅच यात धरत नाहीत. म्हणून जागा निवडणं इतकं महत्त्वाचं, वर्षाला एकच डाव आहे तुमच्याकडे.

तर कुठे पाठवायचं. इथे मी नियम सोडून मनातलं बोलतो.

पहिलं, क्लबचं नाव विसरा आणि त्यांच्या नऊ नंबरवर कोण आहे ते विचारा. परदेशी स्ट्रायकर घेतलाय? अजून एक येणार आहे? एकाच स्ट्रायकरने खेळतात की दोन? एकच असेल आणि तो परदेशी असेल तर तुमचा पोरगा एक तर विंगवर जाईल नाहीतर बेंचवर, आणि विंगवर वर्षभर पळून आलेला पोरगा परत येतो तेव्हा मूळ क्लबचा कोच म्हणतो याचं फिनिशिंग गेलं. इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केन याचं उदाहरण बघा, टॉटनहॅमने त्याला जानेवारी २०११ ला लेटन ओरिएंटला पाठवलं, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, आणि पुढच्या जानेवारीत मिलवॉलला, दुसऱ्या डिव्हिजनच्या तळाशी धडपडणारा क्लब. मिलवॉलला २७ मॅचमध्ये ९ गोल. तिथे त्याला पुढे उभा केला आणि खेळवला, बस. आपल्या दवर्लीचा लिस्टन कुलासो एफसी गोवात फारसा खेळत नव्हता, २०२० च्या जानेवारीत हैदराबादला गेला (ते लोन नव्हतं, ट्रान्सफर होती, पण मुद्दा तोच), तिथे मिनिटं मिळाली आणि २०२१ ला एटीके मोहन बागानने भली मोठी रक्कम मोजून नेला.

दुसरं, लीग खरोखर कधी सुरू होते ते बघा. २०२५ च्या जुलैत आयएसएलच थांबवून ठेवली तेव्हा सगळ्या देशाचं वेळापत्रक कोलमडलं. पोरगा लोनवर गेला, हॉस्टेलात राहिला, प्रॅक्टिस केली, आणि मॅचच नाही, तर काय उपयोग? आपली गोवा प्रो लीग पावसानंतर रंगात येते, कोलकात्याची लीग पावसातच सुरू होते, चिखलात. दुलेरच्या आर्टिफिशियल टर्फवर वाढलेल्या हलक्या पायाच्या पोराला ते जमेल का, विचार करा. आयझॉलला पण टर्फच आहे पण तिथली पळापळ वेगळी, पहिले काही आठवडे छाती भरून येते. मासे मिळणार नाहीत हे तर सांगायलाच नको, हसू नका, यावरून परत आलेले आहेत.

गोव्यातल्या गोव्यात लोन घेणं कमीपणाचं वाटतं लोकांना. मला नाही वाटत. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ ला आय-लीग ही देशपातळीवरची लीग सोडल्यावर गोव्याच्या पोरांना राष्ट्रीय पातळीवर जायची दारं कमी झाली हे खरं, धेंपो परत आला तो थेट २०२४-२५ ला. पण म्हणून बाहेर कुठेही जायचं असं होत नाही. प्रो लीगच्या मधल्या फळीतल्या क्लबात दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळणारा आणि रात्री घरी जेवणारा अठरा वर्षांचा पोरगा, बाहेर बेंचवर बसणाऱ्यापेक्षा लवकर तयार होतो. फक्त एक अट बघा, मूळ क्लबची टीम पण त्याच लीगमध्ये असेल तर त्यांच्याविरुद्ध खेळायचं नाही असं कलम घातलेलं असतं, मग किती मॅच हातच्या जातात ते मोजा. आणि बारावीला असेल तर जानेवारीत बाहेरगावी पाठवूच नका. परीक्षा तोंडावर असते, हॉलतिकीट इकडे आणि पोरगा तिकडे.

कोच टिकणार का हे पण विचारायला लाजू नका. मागणी कोचने केली असेल आणि तोच महिन्याभरात गेला तर नव्या कोचला तुमच्या पोराचं नाव पण माहीत नसतं.

बाकी कागद. आधार, फोटो, मेडिकल, बँक पासबुक, सीआरएस नंबर, हे सगळं होतंच, त्यावर वेळ घालवत नाही. अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. आपल्याकडे जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं, आधारवर हल्लीच्या पद्धतीने, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच, नाईक असो की गावकर की कामत, घराघरात हाच प्रकार. पोराला स्वतःला कधी कळत नाही कारण गावात सगळे त्याला टोपणनावाने हाक मारतात. सिस्टीमला मात्र ही दोन माणसं वाटतात. दुरुस्तीचं काम सिव्हिल रजिस्ट्रारकडे, त्याला वेळ लागतो, ते विंडोत होणारं काम नाही, मे महिन्यातच बसून सगळे कागद एकाखाली एक ठेवून तपासा.

पोर्तुगालचा विषय नाजूक आहे पण बोलावंच लागेल. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांचं कार्ड) असलं तरी पोरगा इथे भारतीय खेळाडू म्हणून मोजला जात नाही आणि भारताकडून खेळायचं तर विसराच. ज्या क्लबने भारतीय म्हणून लोनवर मागितलाय तो लगेच मागे फिरतो. नुसती जन्मनोंद तिकडे केली असेल तर आधी वकिलाला विचारा, क्लबच्या मॅनेजरला नव्हे.

अठरा पूर्ण नसतील तर पालकांची सही लागते, आणि वडील बोटीवर किंवा गल्फमध्ये. आई घरी आहे, आई सगळं बघते, पण क्लबने जुन्या कागदावर पालक म्हणून वडिलांचंच नाव टाकलेलं असतं. आईची सही चालेल का हे आधी लेखी विचारा, नाहीतर वडील सुट्टीवर आले की करून ठेवा. फॉर्मवर मोबाईल आणि ईमेल कोणाचा आहे ते पण बघा, कित्येकांचा क्लबच्या मॅनेजरचा असतो आणि मॅनेजर क्लब सोडून गेला की मेसेज त्याच्यासोबत जातात.

लोनच्या व्यवहारात तीन जण असतात, दोन्ही क्लब आणि खेळाडू. दोन क्लबांनी आपसात पत्र दिलं म्हणजे झालं असं नाही, पोराची सही हवी आणि पोराने वाचलेलं हवं. लोनच्या काळात मूळ क्लबच्या कराराची देणीघेणी थांबतात, वेगळं लिहून घेतलं नाही तर. याचा अर्थ पगार, राहणं, आणि मुख्य म्हणजे दुखापत. गुडघा गेला तर ऑपरेशन कोण करणार, नंतरचे सहा-आठ महिने फिजिओ कोण देणार? मूळ क्लब म्हणतो तो तुमच्याकडे होता, लोनवाला म्हणतो खेळाडू तुमचा आहे, आणि बिल येतं घरी. विमा कोणाचा हे एका ओळीत लिहून घ्या, त्याशिवाय सही नाही. "खरेदीचा हक्क", म्हणजे लोनच्या क्लबला पोराला कायमचं घ्यायचा हक्क, असं काही असेल तर किंमत आणि तारीख दोन्ही आहेत का बघा. लोनच्या क्लबने मध्येच करार तोडला तर पोराला मूळ क्लबात परत जायचा हक्क आहे आणि त्यांनी त्याला लगेच सामावून घ्यायचं असतं, हे नियमात आहे, पण पोराने मूळ क्लबला लगेच कळवलं पाहिजे, लेखी, फोनवर नाही.

परदेशी लोनची स्वप्नं दाखवणारे एजंट फिरतात त्यांच्यासाठी एकच ओळ: अठराच्या आत दुसऱ्या देशात ट्रान्सफर थोडे अपवाद सोडले तर होतच नाही, कोणी आधी पैसे मागत असेल तर दार दाखवा.

लोन संपल्यावर सीआरएसवर नाव मूळ क्लबात परत दिसतंय का ते त्याच आठवड्यात बघा. नसेल तर स्क्रीनशॉट काढून दोन्ही क्लबांना ईमेल टाका, पुढची विंडो सुरू व्हायच्या आधी.