सापुतारा-हतगड परिसरातलं खाणंपिणं

नाशिकहून दिंडोरी-वणीमार्गे साधारण ८० किलोमीटरवर जो डोंगरपट्टा लागतो तिथे फिरायला गेलेला माणूस रस्त्यात, गडाच्या पायथ्याला, हॉटेलात आणि नशीब असेल तर एखाद्या पाड्यावर जे काही खातो-पितो त्या सगळ्याची ही नोंद. यातलं सापुतारा गुजरातच्या डांग जिल्ह्यात येतं, उंची हजार मीटरच्या आसपास, आणि गुजरातचं ते नावाजलेलं हिल स्टेशन. हतगड, घागबारी, बोरगाव ही गावं मात्र आपली, महाराष्ट्रातल्या नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातली. दोन्ही बाजूंना वस्ती आदिवासी, शेतात नागली, वरई, उडीद, भात तेच, पण राज्याची सीमा ओलांडली की मेनूकार्ड बदलतं आणि ग्लासातलं तर पूर्णच बदलतं. गंमत म्हणजे पर्यटक इथे सगळ्यात जास्त जे मागवतो ते मॅगी आणि पनीर, आणि दोन्हीचा या डोंगराशी काडीचा संबंध नाही.

रस्त्यात

नाशिककर पहाटे निघाला तरी मिसळ खाल्ल्याशिवाय गावाची वेस ओलांडत नाही. काळ्या मसाल्याची, पापड आणि दही सोबत, पाव हवे तेवढे. सापुताऱ्याला जाऊन मिसळ मागायची असेल तर त्यापेक्षा इथेच खाऊन निघालेलं बरं. घाट लागतो म्हणून काही लोक उपाशी निघतात, पण नाशिककडून चढ तसा सावकाश आहे, पोट ढवळणारी वळणं खरी पलीकडे वघईकडे उतरताना आहेत, तेव्हा ज्याला गाडी लागते त्याने तिकडे जायच्या आधी हलकं खावं आणि आल्याची वडी खिशात ठेवावी.

दिंडोरी तालुका द्राक्षांचा. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत रस्त्याकडेला क्रेट लावून द्राक्षं विकतात आणि भाव बाजारापेक्षा बरा असतो, फक्त चार मणी खाऊन बघितल्याशिवाय वजन करायला सांगू नये आणि घरी गेल्यावर भरपूर पाण्यात धुवायची, कारण बागेत फवारणी असतेच.

वणीपुढे नांदुरीवरून सप्तशृंगी गडाचा फाटा आहे आणि पुष्कळ लोक गड आणि सापुतारा दोन्ही एकाच दिवसात करतात. गडावर देवस्थानाचं प्रसादालय आहे, साधं पोटभर जेवण मिळतं. २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, त्यामुळे म्हातारी माणसंही वर जातात आणि भुकेची वेळ पायऱ्यांवर येत नाही. गडावरच्या माकडांना मात्र प्रसादाची पिशवी बरोब्बर ओळखू येते, हातातला नारळ, पेढ्याचा बॉक्स, कोल्ड्रिंकची बाटली, काहीही उघडं धरू नका. नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि पुढे एसटीने जावं लागतं, त्या दिवसांत सापुतारा जोडून करायचा बेत आखूच नये.

स्ट्रॉबेरी

महाबळेश्वरचं फळ म्हणून आपण ओळखतो ते आता सुरगाणा आणि कळवण तालुक्यातही चांगलं पिकतं. थंड हवा, उतारावरची पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि सापुताऱ्याचं गिऱ्हाईक दारात, हे तिन्ही जुळून आलं. महाबळेश्वरकडून रोपं आणून शेतकऱ्यांनी लावून बघितली आणि आता डिसेंबर ते मार्च बोरगाव-घागबारी-हतगड रस्त्यावर झोपड्या टाकून बायका-पोरं स्ट्रॉबेरी विकत बसलेली दिसतात. जिथे आधी पावसाळी भात आणि नागली काढली की माणसं द्राक्षबागेच्या मजुरीला दिंडोरी-पिंपळगावकडे जायची, तिथल्या काही घरांना हिवाळ्यात हातात पैसा यायला लागला ही यातली मोठी गोष्ट. घेताना डबा उलटा करून खालचा थर बघा (वरचा थर सगळीकडेच सुंदर असतो), देठ हिरवा आणि ताजा पाहिजे, आणि देठाजवळ पांढरट राहिलेलं फळ घरी नेऊन पिकेल ही आशा सोडा, स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होईल पण गोड होत नाही. गाडीत डिकीत ठेवली तर नाशिक येईपर्यंत अर्धी मऊ पडते, एसीत पायाशी ठेवावी. क्रीम वगैरे घालून विकतात तेही आहे, पण सकाळी तोडलेल्या फळाला त्याची गरज नसते.

नागली आणि तिच्यासोबतचं

या पट्ट्याचं मुख्य अन्न नागली, देशावर आणि कोकणात जिला नाचणी म्हणतात तीच. डोंगरउतारावर, हलक्या जमिनीत, फक्त पावसाच्या पाण्यावर येते आणि कणगीत वर्षानुवर्षं टिकते, किडा लागत नाही, म्हणून दुष्काळात घर तरायचं. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून शहरात तिची बिस्किटं, कुकीज, डोसा सगळं सुरू झालं, सापुताऱ्याच्या दुकानांतही नागलीचे पापड आणि बिस्किटं ढिगाने असतात. पापड जरूर घ्या. बिस्किटाच्या पुड्यावर मात्र मागे घटक वाचा, बऱ्याच वेळा मैदा पहिला असतो.

पण नागली खायची तर भाकरीच. पिठात ग्लूटेन नाही त्यामुळे गार पाण्यात मळलं तर भाकरी थापताना फाटते, म्हणून गरम पाण्यात मळतात आणि चुलीवर भाजतात. काळपट लाल, जाड, आणि तव्यावरून उतरल्यावर लगेच खायची, गार झाली की चामट होते आणि मग लोक म्हणतात की नागली काही आवडली नाही बुवा. सोबत उडदाचं भुजं, म्हणजे भाजलेल्या उडदाची दाटसर आमटी, लसूण-मिरची सढळ. खुरासणीची (कारळ्याची) चटणी, ठेचा, कच्चा कांदा. कोणी सुकट किंवा सुके बोंबील भाजून देतं, आणि गावठी कोंबडी सांगितली तर मिळते पण ती आधी पकडायची असते हे लक्षात ठेवा, दोन-अडीच तास आधी फोन करून सांगावं लागतं, बारा वाजता जाऊन एक वाजता जेवण मागितलं तर ब्रॉयलरच ताटात येणार.

हे जेवण हॉटेलात नाही, घरी मिळतं. हतगड-बोरगाव भागात ओळखीने किंवा गाडीवाल्याला, स्ट्रॉबेरी विकणाऱ्या मावशीला विचारून जेवण सांगता येतं. पलीकडे गुजरातेत डांग आणि वांसदा भागात आदिवासी बायकांच्या बचतगटांची ‘नाहरी’ नावाची जेवणघरं आहेत, तिथे नागलीचा रोटला, उडदाची डाळ, हंगामी भाजी असं ताट मिळतं. हॉटेलातल्या पंजाबी भाजीचे पैसे द्यायचे त्यापेक्षा हे कधीही स्वस्त आणि खरं.

पावसाळ्यातलं ताट

जून ते सप्टेंबर इथे येणाऱ्या गर्दीला धुकं आणि धबधबे पाहिजे असतात, आणि खायला कांदाभजी, भाजलेलं कणीस, गवती चहा. वाईट काहीच नाही त्यात, धुक्यात कांदाभजीला तोड नाही आणि कांदा शेवटी आपल्याच जिल्ह्याचा. पण याच दिवसांत रानभाज्या असतात त्या कोणी विचारत नाही. पहिल्या पावसाबरोबर शेवळं येतात, ती नुसती शिजवली तर घसा इतका खाजतो की पुन्हा नाव काढणार नाही, म्हणून काकड नावाच्या रानझाडाची आंबट फळं किंवा चिंच घालून शिजवतात. मग कुर्डू, कवळी, करटोली, आणि बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते. वास्त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात त्यामुळे बारीक कापून, पाण्यात ठेवून, उकळून ते पाणी फेकून मगच भाजी करतात, इथल्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आपण मात्र हौसेने बाजारातून वास्ते आणून थेट फोडणीला टाकू नयेत. सोपा मार्ग म्हणजे बांबूचं लोणचं विकत घेणं, डांगमध्ये सगळीकडे मिळतं. भाताच्या खाचरांत आणि ओढ्यांत खेकडे धरतात, त्याचा रस्सा झणझणीत असतो आणि खाताना बोलायला वेळ मिळत नाही. मे महिन्यात जाणाऱ्याला यातलं काही मिळत नाही पण करवंदं आणि जांभळं मिळतात, पानाच्या द्रोणात.

सापुताऱ्यातली हॉटेलं

गिऱ्हाईक मुख्यतः सुरत आणि दक्षिण गुजरातचं, त्यामुळे बहुतेक हॉटेलं शाकाहारी. गुजराती थाळी, काठियावाडी, सकाळी खमण, सेव-खमणी, फाफडा. डाळीत साखर असते, नाशिकच्या माणसाने पहिल्या घासाला तोंड वाकडं करू नये, दुसऱ्या वाटीला सवय होते. जैन जेवण सगळीकडे मिळतं, कांद्याच्या जिल्ह्यातून गेलेल्याला बिनकांद्याची भाजी वाढली की थोडं अपमानास्पद वाटतं ते सोडा, कढी आणि खिचडी मात्र उत्तम असते. शनिवार-रविवार आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात, म्हणजे गुजरातेतल्या सुट्ट्यांत, टेबलासाठी रांग लागते. या उंचीवर पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ-भाताला थोडा जास्त वेळ लागतो, कॅम्पिंग करणाऱ्यांनी छोटा कुकर न्यावा.

पिणं

आता तो विषय. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा जुन्या मुंबई राज्याचा, १९६० ला राज्य दोन झाली, डांग गुजरातला गेलं आणि कायदा दोघांकडे राहिला. महाराष्ट्राने त्याच कायद्यात परवाने देऊन दुकानं चालू ठेवली, गुजरातने बंदी ठेवली. म्हणून हतगडच्या बाजूला, सीमेच्या अलीकडे, रिसॉर्ट आणि परमिट रूमची गर्दी आणि नॉनव्हेजही तिथेच, आणि पुढच्या वळणानंतर एकदम ताक, सोडा, उसाचा रस. मुक्काम कुठे करायचा हे बऱ्याच ग्रुपचं यावरच ठरतं, दरीचा व्ह्यू वगैरे नंतर. महाराष्ट्रात बीअर-वाइनला वय २१ आणि बाकी दारूला २५ लागतं. नाशिक वाइनचं गाव, सुलासारख्या वायनरीत टेस्टिंग करून, दोन बाटल्या डिकीत टाकून लोक तसेच सापुताऱ्याला निघतात, तर ते करू नये, नाक्यावर गाडी तपासतात आणि गुजरातेत विनापरवाना बाटली जवळ असणं हाच गुन्हा आहे, सीलबंद असली तरी. बाहेरच्या राज्यातल्या पर्यटकाला परमिट काढता येतं, पण एका दिवसासाठी कोण एवढी उठाठेव करतो.

मोहाची दारू मिळेल का असं हळूच विचारणारे खूप. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, ती वेचून वाळवतात, भाजून खातात, लाडू करतात, आणि गाळतातही. विनापरवाना गाळलेली दोन्ही राज्यांत बेकायदा, आणि ओळख नसताना रस्त्यावर बाटलीतून जे हातात देतात त्यात मोह किती आणि काय मिसळलंय हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. फुलांचे लाडू मिळाले तर घ्या.

बाकी पाणी घरूनच भरून न्यावं. पावसाळ्यात झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गुरं चरतात. परतताना सापुताऱ्यातून अंधार पडायच्या आत निघायचं असेल तर चहा बोरगावला घ्यायचा, आणि रात्री उशीर झालाच तर मधल्या वाटेवर फारसं काही उघडं नसतं, थेट वणी नाहीतर दिंडोरी.